तरंगती घोडी

तंतुवाद्यांच्या इतिहासांत घोडी ही नेहमींच मागें राहिलेली वस्तु आहे. खुंट्या दिसतात, भोपळा दिसतो, वाजविणाऱ्याचीं बोटें दिसतात. पण ज्या एवढ्याशा पट्टीवर सर्व तारा टेकून उभ्या असतात आणि जिच्या वाटेनें तारेचा कंप वाद्याच्या अंगांत उतरतो, ती घोडी बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तिनें जागचें हलूं नये, एवढीच काय ती तिच्याकडून अपेक्षा. असें असतां विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेंत एक असें वाद्य निघालें कीं, ज्याची घोडी मुद्दाम हलती ठेवलेली होती. तें वाद्य जगभर गेलें. आणि मग तीच घोडी पुन्हां स्थिर कशी करावी, या प्रश्नावर कारागिरांच्या व वादकांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. विजेच्या गिटारीच्या या 'तरंगत्या' घोडीची आणि तिला घातलेल्या कुलपांची हकीकत आतां दूरदेशची राहिलेली नाहीं.

नांदेड येथें १९९४ मध्यें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. लातूरचीं महाविद्यालयेंही त्याच्याच कक्षेंत येतात. या दोन्ही शहरांत महाविद्यालयांचीं संमेलनें, गणेशोत्सवाचे मांडव आणि लग्नसमारंभांतील वाद्यवृंद यांच्यामुळें विजेची गिटार आतां घरोघर नांवानें तरी ठाऊक झाली आहे. नवशिक्या मुलाच्या हातांत जी स्वस्त गिटार पडते ती बहुधा एकाच अमेरिकन नमुन्याची नक्कल असते, आणि तिला ती हलती घोडी व ती हलविण्याचा पोलादी दांडा असतो. पहिले कांहीं दिवस मुलगा त्या दांड्याशीं हौसेनें खेळतो. मग वाद्य सुरांत राहत नाहीं म्हणून कुरकुर सुरू होते; आणि एखादा जाणता वादक त्याला सांगतो कीं, दांडा काढून ठेव आणि गिटारीच्या पाठींत लाकडाची पाचर मार. सल्ला ऐकावयास ओबडधोबड आहे. जी युक्ति साधण्यासाठीं एवढे कष्ट झाले ती लाकडाच्या तुकड्यानें बंद करावयाची, हें मुलाला पटत नाहीं. परंतु भर सभेंत गाणाऱ्याची अब्रू साथीदाराच्या सुरांवर असते. तेव्हां सल्ला बरोबर कीं चूक, हें पाहिलेंच पाहिजे.

या प्रदेशाला तारेची ओळख जुनी आहे. नांदेड येथें १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंहांचें देहावसान झालें, आणि १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंहांनीं तेथें गुरुद्वारा बांधविला. ज्या पंथाच्या कीर्तनाचा आरंभ भाई मर्दाना यांच्या रबाबाच्या साथीनें झाला, त्याचें हें पीठ. नांदेड जिल्ह्यांतील गोरटें हें गांव दासगणू महाराजांच्या कीर्तनपरंपरेमुळें प्रसिद्ध आहे. आणि खेडोपाडीं जे अखंड हरिनाम सप्ताह होतात त्यांत वीणा सात दिवस खालीं टेकत नाहीं. एकाच्या गळ्यांतून ती दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. रबाब काय किंवा वीणा काय, या वाद्यांची घोडी आपली जागा सोडीत नाहीं.

महाराष्ट्रांत चांगला तंबोरा म्हटला कीं मिरजेचें नांव निघतें. तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रें घडविणारे व त्यांना धार लावणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारींचा काळ सरत आल्यावर या धंद्याकडे वळले. फरीदसाहेबांचें नांव त्यांत प्रथम घेतलें जातें. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्यें लातूरला आणि १९२७ मध्यें मिरजेला पोंचली, तेव्हांपासून हीं दोन्हीं गांवें एकाच लोहमार्गावर आलीं. (एप्रिल २०१६ च्या दुष्काळांत आगगाडीनें लातूरला पाणी आलें तेंही मिरजेहूनच.) या मिरजकरांच्या तंबोऱ्याकडे नीट पाहिलें तर दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, घोडी केवळ तारांच्या दाबानें भोपळ्यावरील तबलीवर घट्ट बसते. ती सरकली तर जवारी गेलीच. दुसरी ही कीं, घोडी आणि तारांचें खालचें टोक यांच्यामध्यें तारेंत मणी ओवलेले असतात. खुंटी पिळून सूर जवळपास आणावयाचा आणि उरलेला केसभर फरक मणी सरकवून काढावयाचा. या मण्यांचा संबंध पुढें येणार आहे. मींड, गमक, आंदोलन हें सारें काम बोटाचें. सतारिया पडद्यावर तार आडवी ओढतो, सूर चढतो. बोट परत येतें, सूर परत येतो. घोडीला त्याची दादही नसते.

गिटारीचें तसें नव्हे. तिच्या मानेवरचे पडदे सतारीच्या पडद्यांच्या मानानें अगदीं बुटके आणि तारा पूर्वी चांगल्याच जाड असत. त्यामुळें सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारी, घसरत जात नसे. ही उणीव प्रथम भरून काढली ती हवाई बेटांनीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नांवाच्या तेथील तरुणानें गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादाचा तुकडा सरकविण्याची रीत रूढ केली. १९१५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत हें संगीत अमेरिकेनें ऐकलें आणि सगळ्या देशाला त्याचें वेड लागलें. बाजारांत यशस्वी झालेली पहिली विजेची गिटारही, जॉर्ज बोशँप यांच्या आराखड्यावरून १९३२ च्या सुमारास विकावयास आली ती, याच मांडीवरच्या जातीची होती.

आपल्याकडे जी गिटार प्रथम मनापासून स्वीकारली गेली तीही हीच. १९४० च्या दशकांत ताऊ मो आणि त्यांचें कुटुंब हवाईहून फिरत फिरत येऊन कोलकात्यांत कांहीं वर्षें राहिलें आणि त्यांच्यामुळें या वाद्याचा बराच प्रसार झाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टींत लखनौचे व्हॅन शिप्ले व त्यांच्यामागून हजारासिंग यांनीं तें घराघरांत पोंचविलें. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनीं त्यावर रागदारी वाजविली. १९६७ साली निघालेल्या त्यांच्या, शिवकुमार शर्मांच्या व हरिप्रसाद चौरसियांच्या ध्वनिमुद्रिकेनें तर तें वाद्य सर्वांच्या तोंडीं केलें. याचें कारण उघड आहे. ज्या देशाच्या गाण्याचा जीव मींडेंत आहे, त्याला पोलादाच्या तुकड्यानें आपोआप मींड देणारी गिटार परकी वाटली नाहीं. तिची घोडी हलविण्याची गरज येथें कोणास भासली नाहीं, कारण घसरण्याचें काम हातांतला तुकडाच करीत होता.

अमेरिकेंतील उभी गिटार वाजविणाऱ्यांस मात्र हवाईची ती घसरण हवी होती, आणि पडदे सोडवत नव्हते. मग बोट नाहीं तर घोडी हलवावी, ही कल्पना निघाली. १९२९ मध्यें क्लेटन कॉफमन या कारागिरानें तारांचें मागचें टोक दांड्यानें मागेंपुढें करण्याच्या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९५० च्या आगेंमागें पॉल बिग्स्बी यांनीं मर्ल ट्रॅव्हिस या वादकाकरितां यापेक्षां भरंवशाचा दांडा केला; तो आजही बनतो. पण खरा पल्ला गांठला तो लिओ फेंडर यांनीं. हे गृहस्थ १९०९ साली जन्मले. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं १९३८ पासून त्यांचें रेडिओ दुरुस्तीचें दुकान होतें. १९४५ मध्यें याच कॉफमनबरोबर भागी करून त्यांनीं हवाई पद्धतीच्या गिटारी बनविण्यास आरंभ केला. आश्चर्य असें कीं, त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. वादक जें सांगतील तें ऐकावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं तसें करून त्यांच्यापुढें ठेवावयाचें, ही त्यांची रीत. १९५३ मध्यें त्यांच्याकडे फ्रेडी टव्हारेस नांवाचे मदतनीस आले. ते हवाईतील माउई बेटावर जन्मलेले, पोलादी तुकड्यानें वाजविणारे नामांकित वादक. हलत्या घोडीचा पहिला आराखडा आवाज मरतो म्हणून सर्वांनीं मोडीत काढला. दुसरा १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' नांवाच्या गिटारीबरोबर बाजारांत आला आणि त्याला १९५६ मध्यें पेटंट मिळालें.

या पेटंटांत फेंडर यांनीं त्या युक्तीला 'ट्रेमोलो' म्हटलें. पाश्चात्य संगीतशास्त्राप्रमाणें ट्रेमोलो म्हणजे आवाजाचें लहानमोठें होणें. सुराच्या चढउताराला 'व्हिब्राटो' म्हणतात. मौज अशी कीं, फेंडर यांच्या ध्वनिवर्धकांत आवाज लहानमोठा करणारी जी सोय होती तिला त्यांनीं 'व्हिब्राटो' असें नांव दिलें, म्हणजे दोन्हीं नांवें उलटीं बसलीं. सत्तर वर्षें होऊन गेलीं, तरी चूक दुरुस्त झालेली नाहीं. नांवें अशींच चिकटतात.

आतां या घोडीची रचना. पोलादाची एक आडवी पाटी असते. तिची पुढची, म्हणजे मानेकडची कडा सहा स्क्रूंवर टेकलेली, आणि मागची कडा मोकळी. पाटीच्या खालीं एक जड धातूचा ठोकळा असून तो गिटारीच्या लाकडांत आरपार कोरलेल्या खळग्यांत लोंबतो. तारा याच ठोकळ्याच्या बुडांतून ओवून वर आणलेल्या असतात. गिटार पालथी करून मागचें झांकण काढलें कीं ठोकळ्याला अडकविलेल्या तीन, चार किंवा पांच स्प्रिंगा दिसतात. त्यांचीं दुसरीं टोकें मानेच्या बाजूस नखांसारखे दांते असलेल्या एका पत्र्यांत अडकलेलीं असतात, आणि तो पत्रा दोन लांब स्क्रूंनीं लाकडाला बसविलेला असतो. तारा पाटीला वरून मानेकडे ओढतात. स्प्रिंगा ठोकळ्याच्या बुडाला खालून मानेकडेच ओढतात. परंतु टेकू या दोहोंच्या मध्यें असल्यामुळें त्या दोन ओढी एकमेकींच्या विरुद्ध पडतात. दोन्ही समतोल झाल्या म्हणजे पाटीची मागची कडा लाकडापासून सुमारे ३ मिलिमीटर उचललेली राहते. हीच तरंगती घोडी. दांडा खालीं दाबला कीं तारा सैल होतात व सर्व सूर एकदम उतरतात. वर ओढला कीं चढतात. सोडला कीं समतोल पुन्हां आपल्या जागीं येतो. निदान तसें व्हावें, अशी योजना आहे.

सराफाच्या तराजूवर जसा केरकचराही चालत नाहीं, तसें या समतोलाचें आहे. बारीक तारांच्या संचांत सहाही तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो भरतो. समजा, गाणें चालू असतां एक तार तुटली. एका पारड्यांतून सहा-सात किलो एकदम नाहींसे झाले, स्प्रिंगा जिंकल्या, पाटी मागें दबली, आणि उरलेल्या पांचही तारा चढ्या सुरांत बोलूं लागल्या. साध्या गिटारींत एक तार तुटली तर वादक पांचांवर निभावून नेतो. येथें एकीबरोबर सहाही गेल्या. सूर लावतांनाही हीच कथा. एक तार चढवावी तों बाकीच्या पांच उतरतात. त्या चढवाव्या तों पहिली उतरते. चार-पांच फेऱ्या केल्यावर कोठें मेळ बसतो. दांडा वापरला कीं तारा मानेच्या टोकावरील खाचांत किंचित् अडकतात, खुंट्यांवरचे वेढे थोडे सरकतात, आणि घोडी परत आली तरी सूर परत येत नाहीं. हाताचा तळवा नकळत पाटीवर टेकला तरी सूर चढतो.

सर्वांत मोठी गोची मींडेंत होते. तरंगत्या घोडीच्या गिटारींत बोटानें तार ओढली कीं तिचा ताण वाढतो, तराजू झुकतो आणि घोडी त्या तारेच्या मागोमाग पुढें येते. म्हणजे ओढलेली तार हव्या त्या सुराला नेण्यास जास्त ओढावी लागते, आणि त्याच वेळीं वाजत असलेल्या दुसऱ्या तारा बेसूर होऊन खालीं येतात. सूर घसरता यावा म्हणून जी घोडी हलती केली, तीच बोटाच्या घसरण्याच्या आड आली.

फेंडर यांना ही अडचण लवकरच कळून आली असावी. १९५८ मध्यें त्यांनीं 'जॅझमास्टर' नांवाची दुसरी गिटार काढली, तिला नव्या घडणीचा तरंगता दांडा दिला आणि सोबत एक लहानसें सरकतें बटण बसविलें. तार तुटली तर वादकानें तें बटण सरकवावें. यंत्र जागच्या जागीं अडतें व राहिलेल्या पांच तारा सुरांत राहतात. तरंगत्या घोडीला कारखान्यांतूनच घातलेलें हें कुलूप होय. मात्र जग मागें लागलें होतें तें स्ट्रॅटोकास्टरच्या, आणि तिला असें बटण नव्हतें.

१९६७ ते १९७० या तीनचार वर्षांत जिमी हेंड्रिक्स या वादकानें त्या दांड्याचा असा कांहीं उपयोग केला कीं, फेंडर यांच्या स्वप्नांतही तो आला नसेल. १९६९ च्या ऑगस्टमध्यें वुडस्टॉक येथें त्यानें अमेरिकेचें राष्ट्रगीत वाजविलें, त्यांत सूर कोसळतात, किंचाळतात आणि पुन्हां उभे राहतात. मधूनमधून त्याला वाजवीत असतांनाच खुंट्या पिळून तारा जागेवर आणाव्या लागत. त्याच्यासारखें वाजवूं पाहणाऱ्या पुष्कळांचें कौशल्य एवढें नव्हतें. त्यांचे सूर उतरले ते उतरलेच.

यांवर उपाय शोधला तो फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकानें. जडजवाहिराचें कामही त्याला येत असे, आणि त्या कामाचीं हत्यारें येथें उपयोगीं पडलीं. त्यानें विचार केला कीं, तारा सरकतात त्या दोनच ठिकाणीं, मानेच्या टोकावर आणि घोडींत; तेव्हां दोन्हीकडे त्यांना पकडून टाकावें. मानेवरच्या खाचांच्या जागीं त्यानें धातूचे चाप बसविले आणि घोडींतही प्रत्येक तार चिमट्यांत आवळली. या योजनेला १९७९ मध्यें पेटंट मिळालें. एडी व्हॅन हेलन (निधन २०२०) याच्यासारख्या वादकांनीं ती उचलली आणि १९८० च्या दशकांत तिचा सर्वत्र बोलबाला झाला. पण चाप आवळल्यावर एक पेंच आला. मानेवर तार पकडली गेल्यामुळें खुंटी पिळून कांहीं उपयोग होईना. केसभर सूर उतरला तरी षट्कोनी किल्लीनें चाप सोडा, सूर लावा, पुन्हां आवळा. म्हणून पुढें घोडींतच प्रत्येक तारेसाठीं एक लहान स्क्रू देण्यांत आला. ठोक सूर खुंटीनें लावावयाचा आणि बारीक फरक या स्क्रूनें काढावयाचा. मिरजेच्या तंबोऱ्यावरील मणी तें काम किती तरी पूर्वीपासून करीत आलेले आहेत.

येथें एक घोटाळा नेहमीं होतो. फ्लॉइड रोझचें कुलूप हें तारांना घातलेलें आहे, घोडीला नव्हे. तारा सरकत नाहींत, पण घोडी तरंगतीच राहते. एक तार तुटली कीं बाकीच्या पांच चढतात त्या चढतातच. दुकानदार 'लॉकिंग' हा शब्द उच्चारतो आणि घेणारा समजतो कीं आतां चिंता मिटली. तसें नाहीं. नेड स्टाइनबर्गर यांनीं १९८४ मध्यें सहाही तारा सारख्या प्रमाणांत चढउतार करणारी आणि निरनिराळ्या पट्टींत अडकवून ठेवतां येणारी घोडी काढली, ती बुद्धीचें आश्चर्य म्हणावें अशी होती. पण ती महाग आणि दुर्मिळ राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं 'ट्रेमोल-नो' नांवाचें एक साधन निघालें. तें नखांच्या पत्र्याच्या जागीं बसतें आणि त्याचे स्क्रू हातानें आवळले कीं घोडी पक्की, सैल केले कीं मोकळी.

या सर्वांपेक्षां जुना व स्वस्त उपाय म्हणजे लाकूड. एरिक क्लॅप्टन हा जगप्रसिद्ध वादक वर्षानुवर्षें स्ट्रॅटोकास्टर वाजवीत आला. त्याच्या गिटारींत पांचही स्प्रिंगा घट्ट आवळून ठोकळ्याच्या मागें लाकडाचा तुकडा बसविलेला असतो आणि दांडा तो वापरीत नाहीं. तेव्हां नांदेडच्या किंवा लातूरच्या जाणत्या वादकानें मुलाला दिलेला सल्ला कांहीं गांवठी नाहीं.

मात्र पाचर कोणत्या बाजूस बसवावयाची, हें समजून घेतलें पाहिजे. येथेंच पुष्कळ जण चुकतात. दांडा दाबला कीं ठोकळ्याचें बूड मानेपासून दूर, गिटारीच्या शेपटाकडे जातें. म्हणून ठोकळा आणि शेपटाकडची भिंत यांच्यामध्यें तुकडा बसविला तर सूर उतरणें थांबतें. तार तुटली असतां मात्र ठोकळा उलट, मानेकडे ओढला जातो. तो थांबविण्यास मानेकडच्या भिंतीपाशीं दुसरा तुकडा हवा. दोन्हीकडे तुकडे बसले कीं घोडी संपूर्ण पक्की झाली. किंवा दुसरी रीत अशी: नखांच्या पत्र्याचे स्क्रू आवळून स्प्रिंगा इतक्या ताणाव्या कीं पाटी सपाट होऊन लाकडावर बसेल; मग मानेकडचा तुकडा लागत नाहीं, शेपटाकडचा एक पुरे. नुसती पाटी बसविली आणि तुकडा मुळींच घातला नाहीं, तर दांड्यानें सूर उतरवितां येतो, चढवितां येत नाहीं, आणि तार तुटली तरी बाकीच्या जागीं राहतात. पुष्कळांना एवढी मध्यम वाट पसंत पडते. पाटी खालीं बसली कीं तारा पडद्यांच्या जवळ येतात, म्हणून घोडीवरचे तारांचे टेकू थोडे उंच करून घ्यावे लागतात. तुकडा सागवानाचा किंवा शिसवीचा, कठीण आणि वाळलेला असावा. आधीं सूर नीट लावून, फट मोजून, तुकडा किंचित् मोठा कापावा आणि पॉलिश पेपरनें घांसत घांसत सहज पण घट्ट बसेल एवढा करावा. ठोकून बसविला तर घोडी वांकडी होते.

मराठवाड्यांतील वादकाला याची गरज अधिक कां, तेंही पाहण्यासारखें आहे. मे महिन्यांत तेथील हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि जूनअखेर ओल येते. लाकूड आकसतें, फुगतें, आणि तार उन्हानें सैल पडते. सूर हलणें हें सर्वच वाद्यांच्या नशिबीं आहे. पण पक्क्या घोडीच्या गिटारींत जी तार उतरली तेवढीच लावली कीं झालें; तरंगत्या घोडींत एकीला हात लावला कीं सहांचा हिशेब नव्यानें मांडावा लागतो. तशांत लहान वाद्यवृंदांत बहुधा एकच गिटार असते. एक गायक काळी एकमध्यें गातो, गायिका काळी चारमध्यें. की-बोर्डवाला बटण दाबून पट्टी बदलतो आणि मोकळा होतो. पक्की घोडी असेल तर गिटारवाला मानेवर चाप लावून किंवा तारा अर्धा सूर उतरवून त्याला गांठतो. तरंगती असेल, त्यांतही तारा कुलपांत असतील, तर तारा उतरविण्यास किल्ली, स्प्रिंगा, पाटी यांचा सारा संसार भर मांडवांत मांडावा लागेल. की-बोर्डाचा सूर ढळत नाहीं. ढळलेली गिटार त्याच्याशेजारीं ताबडतोब उघडी पडते.

येथें एक आक्षेप येईल. आकाशवाणीनें १९४० मध्यें हार्मोनियमवर बंदी घातली, तिचें मुख्य कारण हेंच होतें कीं, त्या पेटीचे सूर जागचे हलत नाहींत, मींड निघत नाहीं. ज्या महाराष्ट्रांत गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं (१८८१–१९५५) पेटी गातीबोलती केली, तेथें ही बंदी फार झोंबली. १९७० च्या दशकाच्या आरंभीं ती सैल होऊं लागली. वाद अजून संपलेला नाहीं. २०२२ मध्यें अमृतसरच्या अकाल तख्तानें सुवर्णमंदिराच्या कीर्तनांत हार्मोनियमऐवजीं जुनीं तंतुवाद्यें परत आणण्याची सूचना केली. मग हलणारी घोडी पक्की करणें म्हणजे गिटारीची पेटी करणें नव्हे काय?

मुळींच नव्हे. पेटींत बोटाखालीं तार नाहीं, गिटारींत आहे. घोडी पक्की केली म्हणजे दांड्याची ती कोसळणारी, सगळ्या सुरांना एकदम घेऊन जाणारी लाट गेली, हें खरें. हेंड्रिक्सच्या वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्यानें पाचर मारूंच नये. परंतु एका तारेवर बोटानें घेतलेली मींड पक्क्या घोडीवर खरी उतरते, कारण आतां ती तार ओढतांना घोडी तिच्याबरोबर धांवत नाहीं आणि दुसऱ्या तारा खालीं येत नाहींत. पाचर मारलेली स्ट्रॅटोकास्टर ही या एका बाबतींत पेटीच्या जवळ न जातां सतारीच्या जवळ आली. मराठी भावगीताची किंवा अभंगाची ओळ गिटारीवर काढावयाची असेल तर कामाला येते ती ही मींड.

राहतां राहिली एक व्यवहाराची गोष्ट. तुकडा डिंकानें किंवा फेव्हिकॉलनें चिकटवूं नये. तो दाबानेंच बसतो, आणि पुढेंमागें कोणाला दांडा हवा झाला तर काढतां आला पाहिजे. तसेंच घोडी पक्की झाली, आतां स्प्रिंगांचें काय काम, असें म्हणून त्या सगळ्या काढून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्ट्रॅटोकास्टरच्या जातीच्या गिटारींत विजेची जमिनीची तार बहुधा त्या नखांच्या पत्र्यालाच डाख लावून जोडलेली असते, आणि तेथून ती स्प्रिंगांच्या वाटेनें घोडीपर्यंत व तारांपर्यंत पोंचते. शेवटची स्प्रिंग काढली कीं ती वाट तुटते आणि ध्वनिवर्धक गुणगुणूं लागतो. मग घोडी कितीही स्थिर असली तरी तो सूर कांहीं केल्या जात नाहीं. निदान एक स्प्रिंग तरी जागेवर ठेवावी.